माहिती अपुरी असताना सरकारने लोकांना काय सांगावे?

प्रश्न

साथीच्या पहिल्या दिवसांत संसर्ग कसा पसरतो, हे शास्त्रज्ञांनाही नीटसे उमगलेले नसते, तरी सरकारला लोकांसमोर येऊन बोलावेच लागते. ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ असे सांगून वेळ मारून नेली, तर रुग्ण वाढल्यावर विश्वास उडतो. आणि अनिश्चितता उघड केली, तर घबराट पसरेल असे अधिकाऱ्यांना वाटते. यातून मार्ग कसा काढावा?

प्रतिसाद १

माझ्या मते घबराटीच्या धास्तीने दिलेला दिलासाच पुढे अंगाशी येतो. ब्रिटनमध्ये १९९० साली गुरांच्या ‘मॅड काउ’ रोगाची चर्चा ऐन भरात असताना कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर गोमांस सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बीफबर्गर धरला. मार्च १९९६ मध्ये सरकारलाच संसदेत सांगावे लागले की, माणसांत आढळलेल्या मेंदूच्या एका जीवघेण्या आजाराचा या रोगाशी बहुधा संबंध आहे. लोक उघड उघड फसवले गेल्याच्या भावनेने संतापले, आणि तो संताप मला रास्त वाटतो.

प्रतिसाद २

आकडे कसे मांडले जातात, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. १९९५ साली ब्रिटनमध्येच काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठींचा धोका ‘दुप्पट’ होतो, असा इशारा देण्यात आला. प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना तो धोका होता; पण ‘दुप्पट’ एवढेच कानावर पडल्याने अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या वाढली.

प्रश्नकर्ता

पण दिलेला सल्लाच बदलावा लागला तर?

प्रतिसाद ३

तर का बदलला, ते त्याच दमात सांगावे. २०२० च्या सुरुवातीला निरोगी लोकांना मास्कची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती; ५ जून रोजी तिने, संसर्ग पसरलेला असून अंतर राखणे शक्य नसेल तिथे, सर्वसामान्य लोकांसाठी कापडी मास्कची शिफारस केली. पहिल्या सल्ल्यामागे अपुरा पुरावा होता, तशीच आरोग्य कर्मचाऱ्यांना मास्क कमी पडतील ही चिंताही होती. ही दोन कारणे सुटी करून ठळकपणे सांगितली असती, तर पुढचा बदल लोकांना कोलांटउडी वाटला नसता.

माझ्या मते निवेदन असे असावे: ‘आज आम्हाला एवढे ठाऊक आहे, एवढे ठाऊक नाही, ते शोधण्यासाठी अमुक तपासण्या चालू आहेत, तोवर आपण हे करा, पुढची माहिती उद्या सायंकाळी पाच वाजता देऊ.’ आणि नवे काही हाती आले नसेल, तरी तेवढेच सांगायला पाच वाजता हजर राहावे.