दुसरं कुत्रं आणून आमचं तरी भागलं नाही

घरी एकटं राहिलं की कुत्रं रडतं, त्यावर ‘जोडीला दुसरं कुत्रं आणा, रडणं थांबते’ असं कुणी कुणी सांगतात. आमचा कुत्रा काळ्याही असाच रडायचा, म्हणून आम्ही पिल्लू आणलं. आम्ही बाहेर गेलो की ते खाटेखाली निवांत झोपायचं आणि काळ्या दार ओरबाडतच राहायचा. त्याला सोबत नाही, माणूस पाहिजे होता.

त्याची धाप मी गेल्यावर नाही, खांद्यावर दुपट्टा टाकला की सुरू व्हायची. मग दिवसातून पाच-सहादा दुपट्टा घ्यायचा, गाडीला किक मारायची अन् परत ओसरीत येऊन बसायचं. (शेजारी हसले, हसू द्या.) तो लक्ष देईनासा झाला तेव्हाच खरा बाहेर पडलो: आधी दोन मिनिटं, मग दहा, रडायच्या आत परत. कापूस वेचणीपर्यंत मी वावरातून येईस्तोवर अर्धा दिवस राहू लागला. साखळीनं मात्र बांधू नका. चावून चावून काळ्याचा सुळा तुटला.