जिम ग्रिफिथ्स यांनी १९६६ मध्येच खासदारकी सोडायला हवी होती का?

धागाकर्ता: माझ्या मते, हो. तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला हा वेल्श माणूस १९३६ मध्ये वेल्समधल्या लानेलीतून ब्रिटिश संसदेत मजूर पक्षाचा खासदार झाला, तो थेट १९७० पर्यंत. १९६४ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळात खास वेल्ससाठीचे पहिले मंत्री झाले आणि १९६६ मध्ये, पंचाहत्तरीत, ते पद सोडलं. तब्येत साथ देत नव्हती. तरी खासदारकी ठेवली, कारण त्याच जुलैत शेजारच्या कार्मार्दनची पोटनिवडणूक प्लेड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या ग्विन्वर एव्हान्स यांनी जिंकली आणि राजीनामा दिला तर लानेलीच्या पोटनिवडणुकीतही तेच होईल अशी धास्ती होती. मतदारांनी खासदार निवडला होता, पक्षाच्या जागेचा राखणदार नव्हे.

प्रतिसाद १: साफ असहमत. आधी माणसाचं काम बघा. १९४५ मध्ये राष्ट्रीय विमा खातं त्यांच्याकडे आलं. खाणीत जायबंदी झालेल्याला तोवर भरपाईसाठी मालकाशी भांडावं लागे. १९४६ च्या कायद्याने ती जबाबदारी सरकारी विम्यावर आली. त्याच ऑगस्टपासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग घरात येऊ लागले. त्याच सरकारात राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारणारे अन्यूरिन बेव्हन सगळ्यांना ठाऊक, ग्रिफिथ्स कुणालाच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. अशा माणसाने पक्षासाठी चार वर्षं कळ काढली, तर त्यात गैर काय?

धागाकर्ता: कामाबद्दल दुमत नाहीच. पण जुन्या पुण्याईवर आजची हजेरी लागत नाही.

प्रतिसाद २: धास्ती खोटी नव्हती हो. १९६७ मध्ये वेल्समधल्याच ऱ्होंडा वेस्टच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाची सुमारे १७ हजारांची आघाडी २,३०६ वर आली!

प्रतिसाद ३: आणि १९७० मध्ये? रग्बीतले नामवंत कार्विन जेम्स प्लेड कम्रीकडून उभे असूनही लानेली मजूर पक्षाने सहज राखली.

प्रतिसाद २: ती सार्वत्रिक निवडणूक. पोटनिवडणुकीत लोक राग काढतात.

धागाकर्ता: काढू द्या की! १९५७ मध्ये इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या पाण्यासाठी वेल्समधलं ट्रिवेरिनचं खोरं बुडवायचा कायदा झाला, तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं, तरी तो झालाच. वेल्सचं म्हणणं मंत्रिमंडळात पोचावं म्हणून स्वतंत्र मंत्री हवा, हा आग्रह पक्षात ग्रिफिथ्स यांनीच धरला. त्यांनीच लानेलीच्या मताला घाबरावं, हे मला सलतं. आणि १९६६ मध्ये पक्षाकडे साडेतीनशेहून जास्त जागा होत्या; एक गेली असती तर सरकार पडणार नव्हतं.