डोपामिन चालू, तरी बीपी वर येईना: हायड्रोकॉर्टिसोन कधी?

प्रश्न (एनआयसीयू, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातला रेसिडेंट): २७ आठवड्यांचं बाळ, वजन १ किलो, वय ३६ तास. सलाइनचा १० मिली/किलो बोलस (एकदम दिलेला डोस) झाला, डोपामिन (बीपी वाढवणारं औषध) १० मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट चालू, तरी मीन (सरासरी) बीपी २१-२२. लघवी कमी, लॅक्टेट (पेशींना रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) वाढतंय. कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासायला पाठवलंय, रिपोर्ट उद्या. तोवर हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) द्यायला थांबायचं का? आणि आकडा किती आला तर कमी धरायचा?

उत्तर १: आधी आकडा खरा आहे का ते बघा. नाभीच्या धमनीतल्या लाइनचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) हृदयापेक्षा १० सेंमी वर राहिला, तर बीपी साधारण ७ मिमी कमी दिसतं. म्हणजे २१ चे २८ होतात आणि सगळा प्रश्नच बदलतो! ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर सिस्टॉलिक खाली येतं, डायस्टॉलिक वर जातं, मीन मात्र फारसं हलत नाही. मग न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा), मेंदूतला रक्तस्राव, पीडीए (हृदयाजवळची बंद न झालेली रक्तवाहिनी) आणि सेप्सिस (रक्तातला जंतुसंसर्ग) बघा. इको (हृदयाची सोनोग्राफी) होत असेल तर करून घ्याच. हृदयच नीट आकुंचन पावत नसेल तर औषधाची निवड बदलते.

उत्तर २: हे सगळं बघूनही बीपी खालीच असेल, तर रिपोर्टसाठी थांबू नका. सॅम्पल स्टेरॉइडच्या आधी गेलंय, तेवढं पुरे. नवजाताला कॉर्टिसॉलची दिवस-रात्रीची लय नसते, त्यामुळे वेळ कुठलीही चालते.

१५ मायक्रोग्रॅम/डेसिलिटरखाली 'सापेक्ष कमतरता' धरायचा प्रघात आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. बरी असलेली कितीतरी अपुऱ्या दिवसांची बाळं ५ च्याही खाली असतात. शिवाय कॉर्टिसॉल बांधून ठेवणारं प्रथिन या बाळांत कमी असतं, म्हणून एकूण आकडा कमी दिसला तरी मोकळं कॉर्टिसॉल पुरेसं असू शकतं. २७ आठवड्यांना अॅड्रिनल ग्रंथीतली (मूत्रपिंडावरची) कॉर्टिसॉल बनवणारी एन्झाइम्स अजून कच्ची असतात, त्यामुळे आजारपणाच्या ताणाला ग्रंथी पुरी पडत नाही. शिवाय कॅटेकोलामाइन (डोपामिनच्या गटातलं औषध) सतत चालू राहिलं की त्याचे पेशींवरचे रिसेप्टर (औषध जिथे चिकटतं त्या जागा) कमी होतात. स्टेरॉइड ते परत वाढवतं. म्हणून बीपी लगेच नाही, साधारण २ ते ६ तासांत उचलतं. तोवर डोपामिन कमी करायची घाई नको.

सोडियम खाली, पोटॅशियम वर किंवा जननेंद्रियं संदिग्ध असतील, तर १७-ओएचपीचं (अॅड्रिनलचा जन्मजात दोष ओळखायची तपासणी) सॅम्पलही डोसआधीच काढा.

उत्तर ३ (एनआयसीयू सिस्टर): डोस बनवताना चूक होते, म्हणून लिहिते. १०० मिग्रॅची व्हायल २ मिलीत विरघळवली की ५० मिग्रॅ/मिली. त्यातले ०.२ मिली घेऊन सलाइनने १० मिली करा: १ मिग्रॅ/मिली. या बाळाला पहिला डोस १ मिली, म्हणजे १ मिग्रॅ/किलो. पुढे ०.५ मिग्रॅ/किलो, दर ६ ते १२ तासांनी, युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे. बेंझिल अल्कोहोल (टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) असलेलं द्रावण नवजाताला वापरू नका. साखर सुरुवातीला दर ४-६ तासांनी बघा, वाढू शकते.

उत्तर २ (पुन्हा): एक फार महत्त्वाचं राहिलं. इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेन (पीडीए बंद करायची औषधं) चालू असेल तर हायड्रोकॉर्टिसोन सोबत नको, आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतली सुरुवातीपासून स्टेरॉइड देण्याची चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात मुळातच कॉर्टिसॉल जास्त असलेल्या बाळांना छिद्राचा धोका अधिक दिसला. म्हणून उद्याचा रिपोर्ट जास्त आला, तर डोस पुढे चालू ठेवण्याआधी सरांशी बोला, आणि पोट फुगतंय का ते दर शिफ्टला बघा.