केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर: कोर्ट, मुदत आणि कलमांचे कोड कसे लावावेत?

कोर्टनाका_ठाणे
नमस्कार मंडळी. चार वकिलांचं ऑफिस आहे. साधारण ६०० चालू मॅटर (केसेस) एक्सेलमधून सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आहेत. मॅटरचा कोड 'ठाणे-चेक-२५-०४१' असा ठेवावा का? 'नवी मुंबई' हे एकच कोर्ट टाकलं तर चालेल का? चेक बाउन्सच्या तक्रारीची मुदत सेटिंगमध्ये '३० दिवस' दिसते, ती तशीच ठेवू का?

बेलापूर_दिवाणी
'नवी मुंबई' टाकू नका. बेलापूर कोर्ट ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल कोर्ट रायगड जिल्ह्यात. सीएनआर (ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवरचा प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) १६ अक्षरी असतो: राज्याची २, जिल्ह्याची २, कोर्ट आस्थापनेची २, मग ६ अंकी अनुक्रमांक आणि ४ अंकी वर्ष. ठाण्याचा 'एमएचटीएच' ने सुरू होतो, रायगडचा 'एमएचआरजी' ने. कोर्ट मास्टरमधली (सॉफ्टवेअरमधल्या कोर्टांच्या यादीतली) प्रत्येक नोंद सीएनआरच्या पहिल्या सहा अक्षरांशी जुळवा, नाहीतर ई-कोर्ट्सवरून तारखा आपोआप येणार नाहीत. आस्थापनेचा '०१' एक्सेलमध्ये नुसता '१' होतो, म्हणून आकडे भरण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा.

मॅटरच्या कोडात कोर्ट आणि प्रकार अजिबात नको, '२५-०४१' पुरे. केस दुसऱ्या कोर्टात वर्ग झाली की 'ठाणे' खोटं ठरतं, आणि तोपर्यंत तोच कोड फाईलच्या पाठीवर आणि बिलांवर गेलेला असतो. दावा, त्यावरचं अपील, पुढची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) हे तिन्ही नंबर एकाच मॅटरखाली वेगवेगळे लावा.

स्टेज आणि पुढच्या तारखेचं काम हे दोन वेगळे रकाने ठेवा. दावा 'कैफियत' (प्रतिवादीचं लेखी उत्तर) या स्टेजवर असताना तारीख 'निशाणी ५ वर से' (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर म्हणणं) साठी असू शकते. एकाच यादीत सगळं कोंबलं की ती यादी शंभरावर जाते आणि मग कारकून दिसेल ते निवडतो.

चेक_१३८
'३० दिवस' ही सेटिंग धोक्याची आहे, ती आधी बदला. चेक बाउन्सच्या कलम १३८ ची साखळी तीन नियमांत बांधा. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस आरोपीला मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस. ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. महिना कॅलेंडरचा मोजायचा, तक्रारीचं कारण उद्भवल्याचा दिवस (१५ दिवस संपल्यानंतरचा) सोडून.

आकड्यांत पाहा. नोटीस २५ जानेवारीला मिळाली, १५ दिवस ९ फेब्रुवारीला संपले, तक्रारीचं कारण १० फेब्रुवारीला उद्भवलं. शेवटचा दिवस १० मार्च. '३० दिवस' लावले तर सॉफ्टवेअर १२ मार्च दाखवेल (लीप वर्ष नसेल तर) आणि तक्रार दोन दिवस उशिरा जाईल. मग विलंबमाफीचा अर्ज आला. दुसरा नियम नोटीस पाठवल्याच्या तारखेला जोडू नका, पोचपावतीच्या तारखेला जोडा. पोचपावतीचा रकाना रिकामा असेल तर सॉफ्टवेअरने पुढची मुदत काढूच नये.

घणसोली_फौजदारी
कलमाच्या कोडला कायद्याचं नाव लावाच. नुसतं '४८२' लिहिलं तर जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) ते एफआयआर रद्द करण्याच्या अर्जाचं कलम. तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, रद्द करण्याचं कलम ५२८ झालं. आयपीसी (जुनी दंडसंहिता) ४२० चं, म्हणजे फसवणुकीचं, आता बीएनएस (नवी न्याय संहिता) ३१८(४). १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला आयपीसीच लागते, म्हणून जुने कोड पुसू नका आणि 'फाइंड-रिप्लेस' तर मुळीच करू नका. आयपीसी की बीएनएस हे ठरवताना गुन्ह्याची तारीख पाहायची, दाखल झाल्याची नाही. न लागणारा कोड निष्क्रिय करा. डिलीट केला तर त्या मॅटरचा रकाना रिकामा होतो आणि जुने रिपोर्ट जुळत नाहीत.

कोर्टनाका_ठाणे
आभारी आहे. म्हणजे कोड '२५-०४१', बेलापूर आणि पनवेल वेगळे, मुदत '१ महिना'. आयात एकदम सगळी करावी का?

बेलापूर_दिवाणी
आधी २० मॅटर घ्या: निदान दोन पनवेलची, चार १३८ ची, एक अपिलातलं. पुढच्या तारखा ई-कोर्ट्सवरच्या तारखांशी हाताने ताडून पाहा. ०५/०८ (५ ऑगस्ट) चं ८ मे झालेलं असेल तर ते इथेच सापडेल.