मदत हवी आहे : इटली महायुद्धात का उतरली?

खडूफळा
उद्या पहिल्याच तासाला शिकवायचंय आणि गाइडमध्ये 'स्वार्थापोटी' या एका शब्दात विषय मिटवलाय. पोरं विचारणार, ज्यांच्याशी करार त्यांच्याशीच लढाई कशी? नेमकं कारण हवंय. 'वाचनालयात जा' म्हणणाऱ्यांनी माफ करा, रात्रीचे साडेदहा वाजलेत.

तिरपागडा
सोप्पंय. मुसोलिनीला वाटलं, फ्रान्स पडतोच आहे, वाटणीच्या वेळी आपण हजर हवं. 10 जून 1940 ला घेतली उडी.

गोदाकाठ
अहो, 'करार त्यांच्याशीच लढाई' म्हणताहेत, म्हणजे पहिलं महायुद्ध असणार. खडूफळा, कुठलं ते लिहा की! आणि इयत्ता?

खडूफळा
पहिलंच हो! दुसऱ्याचं आत्ता कशाला विचारेन, ते पुढच्या महिन्यात आहे. अकरावी.

गोदाकाठ
मग ऐका. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा 1882 चा त्रिराष्ट्र करार बचावापुरता होता. 28 जुलै 1914 ला सर्बियावर युद्ध पुकारलं ते ऑस्ट्रियानेच, तेही इटलीला विश्वासात न घेता. इटली म्हणाली, आम्ही बांधील नाही, तटस्थ राहतो. मग दोन्हीकडे भाव करत बसली. तिला हवं होतं त्रेंतिनो आणि त्रिएस्ते, दोन्ही ऑस्ट्रियाच्या ताब्यात. ऑस्ट्रिया घासाघीस करत राहिला. दोस्त राष्ट्रांचं काय जातंय, दुसऱ्याच्या वावरातलं द्यायचं होतं! 26 एप्रिल 1915 ला लंडनमध्ये गुप्त करार, महिन्याभरात लढाईत उतरायची अट. 23 मे ला उतरली.

कोळसेवाला
सगळे नकाशे बघतात, कोळसा कुणी बघत नाही. इटलीचा बहुतेक कोळसा ब्रिटनहून समुद्रमार्गे यायचा. ब्रिटिश आरमाराशी वैर म्हणजे कारखाने, आगगाड्या ठप्प.

गोदाकाठ
त्याने फार तर ब्रिटनच्या विरोधात का गेली नाही ते कळतं. गप्प बसूनही कोळसा मिळतच होता की. संसदेत बहुमत तटस्थतेच्या बाजूचं होतं. पंतप्रधान सालांद्राने राजीनामा दिला, तो राजाने घेतलाच नाही. मूठभर लोकांनी देशाला ढकललं, हे पोरांना जरूर सांगा.

तिरपागडा
आणि 'युद्ध हवं' म्हणून ओरडणाऱ्यांत मुसोलिनी होताच बरं का. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो.

पाटलांचा_नातू
इटलीवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथेच, टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या माणगावात पुतळा आहे. हेही शिकवा.

खडूफळा
शिकवेन, पुढच्या महिन्यात. गोदाकाठ, जर्मनीवरही त्याच दिवशी ना? फळ्यावर एकच तारीख लिहितो.

गोदाकाठ
थांबा! 23 मे फक्त ऑस्ट्रिया-हंगेरीसाठी. जर्मनीवर थेट 28 ऑगस्ट 1916 ला. दोन ओळी करा.

तिरपागडा
नातूसाहेब, पुतळा एसटी स्टँडपासून किती लांब? शनिवारी महाडला चाललोय.