मदत हवी आहे: लिंकन गाडीचं घडीचं छत अर्ध्यात अडकलंय, शनिवारी मिरवणूक आहे

नोव्हीकर
शीर्षकात सगळं आलंच. बटण दाबलं, डिकीचं झाकण उभं राहिलं, छत पुढच्या काचेपासून सुटून वीतभर वर आलं आणि थांबलं. आता ना पुढे ना मागे. शनिवारी मंडळाचा गणपती याच गाडीतून न्यायचाय, तसं सगळ्यांना कळवूनही झालंय. उद्या संध्याकाळी पाऊस सांगितलाय. फ्यूज बघितले, ठीक आहेत. 'मेकॅनिककडे न्या' असं कृपया कुणी लिहू नका, झाकण उभं असताना गाडी रस्त्यावर कशी काढू? माहीत असेल त्याने पटकन सांगा.

गॅरेज_नाना
कुठली लिंकन? साल?

नोव्हीकर
कॉन्टिनेन्टल. चार दारांची, मागची दारं उलटी उघडतात ती.

गॅरेज_नाना
अहो, ती १९६१ ते ६७ सगळी वर्षं तशीच उघडत होती. साल विचारतोय कारण छताचं वायरिंग मधे बदललं. एका सालाचा नकाशा घेऊन दुसऱ्या सालच्या गाडीत शिरलात तर आणखी गोंधळ होईल.

टेलफिन
पंप गेला. डोळे झाकून पंप बदला. माझ्याकडे १९६४ची कॅडिलॅक डव्हिल आहे, तिचं छत असंच मधे थांबायचं. नवा पंप टाकला, विषय संपला.

गॅरेज_नाना
टेलफिन, तुमच्या कॅडिलॅकचं छत म्हणजे एक पंप, दोन सिलिंडर, आणि पुढचे खटके तुम्ही हाताने लावता. लिंकनचं तसं नाही. आधी डिकीच्या कुलपांचे स्क्रू मोटरने सुटतात, मग झाकण उठतं. ते पूर्ण उठलं हे लिमिट स्विचने सांगितलं की पुढचे स्क्रू सुटतात, मग छत घडी होऊन आत जातं, झाकण बसतं, पुन्हा कुलपं. हे सगळं एका बटणावर, आणि कॉम्प्युटर नाही, नुसते रिले, म्हणजे चुंबकाने चालणारे स्विच, आणि साधे स्विच. एकाने मान हलवली नाही की पुढचा जागचा हलत नाही. आणि थांबलं कुठे, त्यावरूनच कुणी दगा दिला ते कळतं.

नोव्हीकर
साल ६५. आता सांगा.

गॅरेज_नाना
बटण दाबल्यावर आवाज कसला येतो? तीन शक्यता आहेत. एक, पूर्ण शांतता. दोन, मागून टक टक. तीन, मोटर घूं करते पण काही हलत नाही.

हडसनकाठी
६५ म्हणजे सपाट ग्रिलची आणि पुढे डिस्क ब्रेकवाली पहिली! छान गाडी आहे. बाय द वे, राष्ट्राध्यक्ष केनेडींची पण हीच ना? ६३ची?

पेठेतला_परदेशी
नाही. ती १९६१ची होती. सिनसिनाटीच्या हेस अँड आयझनहार्टने कापून साडेतीन फूट लांब केली होती. आणि तिला असं घडीचं छत नव्हतंच, वर पारदर्शक प्लॅस्टिकचे सुटे तुकडे बसवायचे, तेही बुलेटप्रूफ नव्हते. त्यांचा खून झाला त्या दिवशी डॅलसला ते काढलेले होते. गंमत म्हणजे नंतर चिलखत आणि पक्कं छत बसवून हीच गाडी १९७७ पर्यंत व्हाइट हाउसच्या सेवेत होती. आता मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे, नोव्हीकरांच्या घरापासून तासाभराच्या आत.

नोव्हीकर
म्युझियम पाहिलंय हो. छताचं बोला. टक टक येतो. एकदाच, बटण दाबताना.

टेलफिन
म्हणजे पंपापर्यंत करंट जातोय आणि पंप फिरत नाही. पंपच. शिवाय ब्रेक फ्लुइड बघा, कमी असेल.

गॅरेज_नाना
ब्रेक फ्लुइड?? नोव्हीकर, कृपा करून काहीही ओतू नका. जुन्या काही गाड्यांच्या छतात ब्रेक फ्लुइड असायचं, काहींत ट्रान्समिशन ऑइल. चुकीचं पडलं की सील फुगतात आणि हजार डॉलरचं काम अंगावर येतं. तुमच्या सालच्या शॉप मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

आणि टक आवाजाचा अर्थ एवढाच की रिलेची चुंबकाची बाजू काम करतेय. आतले संपर्क जळलेले असू शकतात, पंपाची अर्थिंगची (बॉडीला जोडणारी) वायर सुटलेली असू शकते, बॅटरी दमलेली असू शकते. बॅटरी किती व्होल्ट दाखवते, इंजिन बंद आणि चालू? बटण इंजिन चालू ठेवून दाबलंत की बंद?

टेलफिन
माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

गॅरेज_नाना
असेल. कॅडिलॅकचा.

शालिनीताई_ओहायो
मला गाडीतलं कळत नाही, पण एक विचारू का? त्या गाडीच्या सीट लेदरच्या असतील ना? लेदरवर गणपती बसवणार?

पेठेतला_परदेशी
ताई, पाट ठेवतील, वर शाल घालतील. आणि ढोलाला काय रेक्झिन लावतात का?

शालिनीताई_ओहायो
ढोल गणपतीच्या पुढे असतो हो, खाली नाही. मी आपलं विचारलं. आमच्याकडे पिकअप ट्रक फुलांनी सजवतात, ना छताची कटकट ना सीटची.

हडसनकाठी
लिंकनपेक्षा १९५३ची पॅकार्ड कॅरिबियन शोभली असती. फक्त ७५० बनल्या. त्याच साली कॅडिलॅकने एल्डोराडो काढली, ५३२ नग, किंमत ७,७५० डॉलर, तेव्हा त्यात घर येत असे. त्या मानाने ६५च्या लिंकन कन्व्हर्टिबल तीन हजारांवर बनल्या, म्हणजे तशा खूपच. पण युद्धानंतर चार दारांची उघडी गाडी करणारे मोजकेच. लिंकनच्या आधी फ्रेझर, आणि ६७ नंतर अमेरिकेत, जीप सोडली तर, जवळजवळ कुणीच नाही.

नोव्हीकर
कुणी पॅकार्ड देणार असेल तर शनिवारी सकाळी आठला हवीये. नसेल तर छताचं बोलूया.
बॅटरी १२.५. इंजिन चालू केल्यावर १४ च्या आसपास. दोन्ही वेळा नुसतं टक.

गॅरेज_नाना
बॅटरी ठीक आहे. आता आठवून सांगा, छत शेवटचं नीट कधी उघडलं आणि त्यानंतर गाडीला कुणी हात लावला? डिकीत सामान, नवं कार्पेट, काहीही.

नोव्हीकर
मागच्या शनिवारी व्यवस्थित चाललं. नंतर काही नाही. सोमवारी फक्त डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला, मिरवणुकीत अथर्वशीर्ष आणि गाणी लावायला. पण त्याचा याच्याशी काय संबंध, त्याची वायर थेट बॅटरीवरून वेगळी ओढलीय.

पेठेतला_परदेशी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो!

गॅरेज_नाना
प्लसची वायर वेगळी ओढली असेल. अर्थ कुठे दिलाय?

नोव्हीकर
डिकीतच कुठेतरी बॉडीला. बघून सांगतो.

गॅरेज_नाना
बघायच्या आधी: बॅटरीचा मायनस काढा. झाकणाखाली दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी टेकू द्या, काठी नाही, चांगला जाड ओंडका. त्याशिवाय आत डोकं घालू नका. आणि पोरांना लांब ठेवा.

टेलफिन
एवढं करण्यापेक्षा सिलिंडरच्या पिना काढून चौघांनी हाताने छत मागे ढकला आणि झाकण पाडा. शनिवारी तर उघडीच हवीये ना.

गॅरेज_नाना
छत एक वेळ ढकलता येईल, पण घडी तिरकी बसली तर झाकण त्यावर टेकेल आणि पत्रा वाकेल. पत्रा मिळत नाही. गाडी अडीच टनांची आहे, तिचा प्रत्येक तुकडा त्याच मानाने जड. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

मिशिगन_मावशी
नोव्हीकर, ही गाडी तुमच्या शेजारच्या विक्सम कारखान्यात बनली हे माहीत आहे ना? १९५७ ला सुरू झाला, २००७ ला बंद पडला. तुमच्या भागात तिथले जुने कामगार असतील, एखादा तासाभरात येऊन बघून देईल. जुन्या गाड्यांच्या क्लबमध्ये विचारा.

नोव्हीकर
मावशी, माहीत आहे, चांगली कल्पना आहे, पण आत्ता वेळ नाही.

डिकीत डाव्या बाजूला एका बोल्टखाली अ‍ॅम्पची काळी वायर आहे. शेजारी एक जुनी जाड वायर नुसतीच लोंबतेय, टोकाला गोल रिंग आहे. ती मूळची का?

गॅरेज_नाना
फोटो टाका. रिंगच्या आतला व्यास आणि बोल्ट जुळतो का?

नोव्हीकर
जुळतो. बसवणाऱ्याने माझी काढून त्याची लावलेली दिसतेय. त्याला फोन केला, उचलत नाही.

गॅरेज_नाना
तीच असणार. रिंग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, जुनी वायर तिच्या जागी घट्ट लावा. अ‍ॅम्पचा अर्थ दुसरीकडे द्या, त्याच बोल्टवर नको. मग बॅटरी जोडा, इंजिन चालू, टेकू काढून बाजूला उभे राहा आणि छत बंद करायच्या दिशेने बटण दाबा. मधे सोडू नका.

नोव्हीकर
चाललं!! छत बसलं, पुढचे स्क्रू घट्ट झाले, झाकण खाली आलं. मग पुन्हा पूर्ण उघडून बंद केलं. नाना, शनिवारी प्रसादाला या.

टेलफिन
छान. तरी पंप बदलून ठेवाच.

शालिनीताई_ओहायो
गणपती बाप्पा मोरया! पाट मात्र ठेवा.

गॅरेज_नाना
शनिवारसाठी दोन गोष्टी. छत घरीच उघडून निघा, लोकांसमोर उघडबंद करून दाखवू नका. आणि अ‍ॅम्प, दिवे, चालण्याचा वेग, त्यात ४३० घनइंचाचं इंजिन, म्हणजे तापणार. रेडिएटर शेवटचा कधी साफ केला?

नोव्हीकर
रेडिएटरचं काही नाही हो, सिग्नलला जास्त वेळ थांबलं की थोडी वाफ येते, ते नेहमीचंच आहे.

गॅरेज_नाना
थांबा. कुठून येते वाफ? फोटो टाका. इंजिन गार असताना.