आंब्याची ३०० कलमं यंदा कराराने घ्यावी का?

देवगडचा बागवाला:
घरची १२० कलमं आहेत. शेजारच्या वाडीतली ३०० दरवर्षी कराराने घेतो. मालक दसऱ्याआधी हो की नाही ते सांगा म्हणतोय. पैसे भरायचे तर वाशीच्या दलालाकडून उचल घ्यावी लागेल, आणि उचल घेतली की माल त्यालाच, तो लावील त्या भावाने. २०२१ साली हेच केलं होतं. १६ मेला तौक्ते वादळ आलं. दुसऱ्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, कैऱ्यांचा नुसता सडा. देठाचा चीक अजून ओला होता. मिळेल त्या भावाने कॅनिंगला घातल्या. उचल फिटायला दोन हंगाम गेले. यंदा पाऊस हटत नाही, कलमांवर पालवीच पालवी, मोहोराचं काय होईल कोण जाणे. तुम्ही असं काही आधी ठरवून ठेवता का?

पावसचा म्हातारा:
दादा, मोहोर किती येईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. पण नाही आला तर काय करायचं, ते डोकं थंड आहे तोवर वहीत लिहून ठेवा. मी रक्कम एकदम देत नाही. अर्धी आत्ता, अर्धी फळ गोटीएवढं झाल्यावर. वाटाण्याएवढं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, गळ तिथेच होते. आणि जानेवारीअखेर निम्म्या कलमांना फळ धरलं नसेल तर कराराच्या बागेत पुढची फवारणी नाही. गेलेलं भरून काढायला आपण आणखी औषध मारतो आणि तिथे बुडतो.

दापोलीची ताई:
करार तोंडी आहे का? फळपीक विम्याला नोंदवलेला भाडेकरार लागतो. भरपाईही आपल्या बागेतली गळ बघून नाही, हवामान केंद्राच्या आकड्यांवर मिळते. विम्याच्या भरवशावर हिशेब मांडू नका. आमच्या ह्यांनी एका वर्षी औषधांसाठी माझ्या पाटल्या गहाण टाकल्या, मला कळलं मे महिन्यात. वहिनींना समोर बसवून आकडा ठरवा.

देवगडचा बागवाला:
काल मालकाकडे जाऊन आलो. हप्त्यांना तयार नाही. मग फक्त सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळावरची १४० घेतली, तिथे मोहोर लवकर येतो. तेवढं गावच्या विकास सोसायटीच्या कर्जात बसतं, उचल नको. करार कागदावर करतोय. फवारणीचा आकडा हिनेच वहीत लिहिला आणि वही देवघरात ठेवली.